हौस कोणाची, मोल कोणाचें?

“पूर्वींचे खेळाडू खेळासाठीं खेळत, हल्लींचे पैशासाठीं खेळतात,” हें वाक्य आमच्या सुशिक्षित समाजांत इतक्या वेळां उच्चारलें जातें, कीं त्याच्या खरेपणाविषयीं शंका घेणें हेंच आतां असभ्यपणाचें लक्षण ठरूं पाहत आहे. क्रिकेटच्या खेळाडूंचे भर बाजारांत लिलाव पुकारले जातात, त्यांच्या सदऱ्यांवर व्यापाऱ्यांच्या पाट्या झळकतात, आणि तें पाहून आमचे वडीलधारे सद्‌गृहस्थ एक दीर्घ सुस्कारा टाकून म्हणतात, “काय तो हौशी खेळाडूंचा काळ! काय ती निरपेक्ष वृत्ति!” हा सुस्कारा ऐकण्यास गोड आहे. परंतु तो सोडणाराच्या खिशांतून त्यासाठीं एक पैहि जात नाहीं, एवढी गोष्ट लक्षांत ठेवून त्याची किंमत करावी, असें आम्हांस वाटतें.

गेल्या पावसाळ्यांत येथें भिवंडींतील एका वाचनालयांत याच विषयावर व्याख्यान झालें. वक्ते विद्वान होते, वाणी रसाळ होती, आणि श्रोत्यांत डॉक्टर, वकील, शिक्षक व त्यांच्या कुटुंबांतील मंडळी होती. खिडकीबाहेर यंत्रमागांची खडखड अखंड चालूच होती. तिची आम्हां भिवंडीकरांस इतकी संवय झालेली आहे कीं ती थांबली तरच आम्ही दचकून जागे होतों. व्याख्यात्यांनीं हौशीपणाची महती गाइली, टाळ्या झाल्या, चहा आला. चहा घेतां घेतां आम्हीं सहज विचारलें, “१९५६ सालच्या डिसेंबरच्या १ तारखेस मेलबोर्न येथें काय घडलें, हें कोणास ठाऊक आहे काय?” कोणासहि ठाऊक नव्हतें. एका गृहस्थांनीं मोठ्या उत्सुकतेनें विचारलें, “शतक कोणीं काढलें?” ज्या हौशी खेळाडूंच्या नांवानें नुकत्याच टाळ्या पिटल्या गेल्या, त्यांच्यापैकीं एकाचेंहि नांव टाळ्या पिटणारांस सांगतां येऊं नये, या प्रकारास काय म्हणावें? आमच्या मतें यास आदर म्हणत नाहींत. श्राद्ध म्हणतात, आणि तेंहि पितरांचीं नांवें न घेतां केलेलें!

त्या दिवशीं जें घडलें तें असें. ऑलिंपिक सामन्यांत हिंदुस्थानच्या फुटबॉल संघानें यजमान ऑस्ट्रेलियाचा चार विरुद्ध दोन गोलांनीं पराभव केला, आणि त्या चारांतील तीन गोल एका खेळाडूनें केले. त्याचें नांव नेव्हिल डिसोझा. ऑलिंपिकच्या एकाच फुटबॉल सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला आशियाई होय. त्याचा जन्म १९३२ सालीं गोमंतकांतील आसगांव येथला. तेव्हां गोवें पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होतें. पोटापाण्याच्या वाटेनें जीं शेंकडों गोंवेकर कुटुंबें मुंबईस येत, त्यांच्याच वाटेनें त्याचा खेळ मुंबईस आला व कूपरेजच्या मैदानावर वाढला. तो टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळे. त्याचा भाऊ डेरिक हाहि हिंदुस्थानच्या संघांत चमकला. म्हणजे एकाच घरानें देशास दोन खेळाडू दिले. आणि ज्या मुंबईंत ते खेळले तिच्यापासून तीस-पस्तीस मैलांवर बसलेल्या आम्हां सुशिक्षितांस त्यांपैकीं एकहि ठाऊक नाहीं!

या यशाचें महत्त्व समजण्यास मागील दोन ऑलिंपिकांकडे पाहिलें पाहिजे. १९४८ सालीं लंडन येथें आमचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, दोन पेनल्टी वायां दवडल्या आणि फ्रान्सपुढें एक विरुद्ध दोन असे हरले. १९५२ सालीं हेल्सिंकी येथें युगोस्लावियानें आमच्यावर दहा गोल चढविले. आम्हांस एक करतां आला. या मारानंतर बूट घालून खेळणें सक्तीचें झालें. अवघ्या चार वर्षांनीं हैदराबादचे गुरु सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखालीं व समर बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखालीं हाच देश ऑलिंपिकच्या उपांत्य फेरींत जाऊन पोंचला. आशियांतील कोणताहि देश तोंपर्यंत तेथें पोंचला नव्हता. समोर पुन्हां तोच युगोस्लाविया होता, आणि पहिला गोल केला तो नेव्हिल डिसोझानें! पुढें युगोस्लावियानें चार गोल करून सामना जिंकला, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यांत बल्गेरियानें आम्हांस तीन गोलांनीं हरविलें, हें खरें. तरी त्या ऑलिंपिकांत सर्वांत अधिक गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल एक होता. चार गोल त्याच्या नांवावर आहेत.

आतां ‘हौशी’ या शब्दाकडे वळूं. हा शब्द आमचा. पण त्यांत भरलेला अर्थ विलायतेहून आलेला आहे, आणि तो कोणत्या घरांतून आला हें पाहण्याची तसदी त्याचे भाट घेत नाहींत. १८७९ सालीं इंग्लंडांतील हेन्ली येथील नौकाशर्यतींच्या चालकांनीं हौशी कोण याची व्याख्या केली, तेव्हां पैशासाठीं शर्यत मारणारा तर वगळलाच. पण त्याबरोबर मजुरीवर राबणारा कारागीर व मजूरहि वगळला! शर्यतीचा एक पैसा त्यानें घेतला नसला तरीहि तो हौशी ठरूं शकत नसे, कारण हातानें काम करून पोट भरण्याचा अपराध त्यानें केलेला होता. वाचकांनीं हा नियम क्षणभर आमच्या भिवंडीस लावून पाहावा. बारा बारा तासांच्या पाळींत मागावर उभा राहून जो मोमीन वा तेलुगू कारागीर सबंध देशाचें अंग झांकतो, तो या व्याख्येप्रमाणें जन्मांत हौशी होऊं शकणार नाहीं. त्याच्या मागाचे मालक मात्र होतील! हौशीपणाचा जन्म निर्लोभतेच्या पोटीं झाला असें आम्ही समजतों. त्याचा निम्मा जन्म तरी शिवाशिवीच्या पोटीं झाला आहे. आणि शिवाशीव म्हणजे काय, हें निदान महाराष्ट्रास तरी समजावून सांगण्याची गरज पडूं नये.

कोणी म्हणेल, कीं हा इंग्लंडांतील सरदारांचा दोष झाला. सच्चे हौशी जगांत झालेच नाहींत काय? झाले, आणि त्यांचें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. स्कॉटलंडांत ग्लासगो शहरीं ‘क्वीन्स पार्क’ नांवाचा फुटबॉल संघ १८६७ सालीं निघाला. खेळावें तें खेळण्यासाठींच, अशा अर्थाचें लॅटिन वचन त्यानें आपल्या बिरुदावर घातलें, आणि स्कॉटलंडनें १८९३ सालीं धंदेवाईक खेळास मान्यता दिल्यानंतरहि शंभरांहून अधिक वर्षें तें पाळलें. १८७२ सालीं स्कॉटलंड व इंग्लंड यांच्यांत जो पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, त्यांत स्कॉटलंडचे अकराहि गडी याच संघाचे होते. १९५६ सालीं, म्हणजे नेव्हिलच्याच वर्षीं, या संघानें धंदेवाईक संघांस मागें टाकून दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकली. हत्यारें घडविण्याच्या कामाची उमेदवारी करीत असतां फुटबॉल खेळणारा अलेक्स फर्ग्युसन नांवाचा एक पोरगा पुढल्या दोन वर्षांत याच संघांतून मैदानावर उतरला. तोच पुढें शिक्षक म्हणून जगद्विख्यात झाला. असा हा संघ. परंतु त्याची पुढली गोष्ट आमचे वक्ते सांगत नाहींत. फर्ग्युसन दोनच वर्षांत तेथून निघून गेला. जो जो चांगला निघाला तो तो असाच निघून गेला, आणि अखेर २०१९ सालीं त्या संघाच्या सभासदांनीं स्वतःच मत देऊन हौशीपणाचें व्रत सोडलें. ज्यांनीं हें व्रत प्रामाणिकपणें आचरलें त्यांनींच तें पेलत नाहीं म्हणून खालीं ठेवलें; आणि ज्यांनीं तें एक दिवसहि आचरलें नाहीं ते आम्ही त्याच्या पालखीचे भोई झालों आहों!

शिवाय मेलबोर्न येथें तरी सर्व हौशी कोठें होते? नियम असा कीं, खेळाबद्दल पैसे घेणारास ऑलिंपिकांत प्रवेश नाहीं. साम्यवादी देशांनीं यावर सोपा तोडगा काढला. त्यांचे खेळाडू कागदोपत्रीं सैनिक, विद्यार्थी किंवा कारखान्यांतील नोकर. प्रत्यक्षांत दिवसभर फुटबॉल खेळणें हेंच त्यांचें काम, आणि त्यांचा चरितार्थ सरकार चालवी. त्या वर्षीं पहिला क्रमांक रशियानें, दुसरा युगोस्लावियानें व तिसरा बल्गेरियानें पटकावला, यांत नवल तें काय? ज्या ब्रिटननें हौशीपणाचें शास्त्र लिहिलें, त्याच्या खऱ्या हौशी संघास याच बल्गेरियानें सहा विरुद्ध एक असें धुळीस मिळविलें. नेव्हिल व त्याचे सोबती ज्यांच्याशीं झुंजले ते असे होते. एका बाजूस सरकारनें पोसलेले, शिस्तीनें घडविलेले वीर. दुसऱ्या बाजूस कचेरीची, रेल्वेची किंवा कारखान्याची नोकरी सांभाळून मैदानावर येणारे आमचे गडी. चौथा क्रमांक म्हणून नाक मुरडणारांनीं ही तुलना एकदां करून पाहावी.

येथें प्रतिपक्षाचा एक मुद्दा येतो, व तो उडवून लावण्यासारखा नाहीं. ते म्हणतील, “आमच्या खेळाडूंसहि नोकऱ्या होत्याच कीं! टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट यांनीं त्यांस पोसलें. मग तक्रार कसली?” या संस्थांनीं खेळाडूंस आधार दिला हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करतों. तो आधार नसता तर मुंबईचा फुटबॉल वाढलाच नसता. परंतु या युक्तिवादानें प्रतिपक्षाचाच पक्ष ढांसळतो, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. नोकरी मिळे ती पायांतल्या कसबामुळें. मात्र कागदावर नोंद होई ती कारकुनीची. म्हणजे खेळाचें मोल दिलें जाई. फक्त तें खेळाचें मोल आहे असें म्हणण्याची चोरी होती! आणि ज्या मोलाचें नांव घेतां येत नाहीं, त्याचा हिशेब मागतां येत नाहीं. गुडघा मोडला तर तो कामावर मोडला असें म्हणण्याची सोय नाहीं. उमेदीचीं दहा वर्षें मैदानांत गेलीं तर तीं सेवेंत गेलीं असें म्हणण्याची सोय नाहीं. पाय चालेनासे झाल्यावर राहतो तो चार कारकुनांतला एक कारकून. मालक उदार असला तर निभावतें. नसला तर बोलण्यास जागा नाहीं. हक्काच्या जागीं कृपा बसविणें, हाच हौशीपणाच्या नियमाचा व्यवहारांतील अर्थ होता.

फुटबॉलच कशाला? आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचें उदाहरण घ्या. १९५२ सालीं याच हेल्सिंकीस त्यांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र हिंदुस्थानास एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. त्यांस पाठविण्यासाठीं वर्गणी गोळा करावी लागली, आणि कोल्हापुरास राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ही कथा सांगतांना आम्ही गहिंवरतों. गहिंवरावें, यांत शंका नाहीं; पण थोडें लाजावेंहि! एका शिक्षकाचें घर गहाण पडल्यावांचून देशाचा मल्ल आखाड्यापर्यंत पोंचूं शकत नव्हता, ही त्या शिक्षकाची थोरवी आहे. तीच आमची नामुष्की आहे. खाशाबा १९८४ सालीं अपघातांत गेले. अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो मृत्यूनंतर. नेव्हिलच्या वांट्यास तोहि आला नाहीं. तो पुरस्कार १९६१ सालीं सुरू झाला, आणि नेव्हिलबरोबर मेलबोर्नला खेळलेले प्रदीपकुमार बॅनर्जी हे त्याचे पहिले फुटबॉल-मानकरी झाले. त्या यादींत नेव्हिलचें नांव पुढें कधींहि चढलें नाहीं. १९८० सालीं, पन्नाशी गांठण्यापूर्वींच, तो हें जग सोडून गेला.

आतां पैशानें खेळ बिघडतो, या आक्षेपाविषयीं. बिघडतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. सट्टा, लिलाव, जाहिरातींचा गोंगाट हीं अरिष्टें खरींच आहेत. पण पैशाच्या अतिरेकावर दारिद्र्य हें औषध नव्हे. अजीर्ण झालेल्यास पथ्य सांगावें, शेजारच्या उपाशी माणसाची पाठ थोपटूं नये. आणि मोल घेतल्यानें कला बाटते, हें तत्त्व महाराष्ट्रानें मानलें तरी केव्हां होतें? बालगंधर्वांचीं नाटकें आमच्या आजोबांनीं तिकिटें काढून पाहिलीं. म्हणून त्यांचा एक सूर तरी उणा लागला काय? शाहू महाराजांनीं मल्लांस खुराक दिला, आश्रय दिला, खासबागेचें मैदान उभें केलें. म्हणून कोल्हापूरची कुस्ती बाजारी झाली, असें म्हणण्याची कोणाची छाती आहे? आमच्या परंपरेंत गुणी माणसास पोसणें हें गांवाचें व राजाचें कर्तव्य होतें, आणि पोसला जाणें हा गुणी माणसाचा मान होता. त्या मानास कमीपणा मानण्याचें आम्ही परक्यांकडून शिकलों. ज्यांच्याकडून शिकलों त्यांनीं क्रिकेटमधील हौशी व धंदेवाईक हा भेद १९६२ सालींच टाकून दिला. आम्ही मात्र त्यांचा टाकलेला कोट अजून सणासुदीस घालून मिरवीत आहों.

हौस ही मनाची गोष्ट आहे. वेतन ही पोटाची. पोट भरलें म्हणून हौस मरत नाहीं, आणि पोट रिकामें ठेवलें म्हणून ती अधिक पवित्रहि होत नाहीं. व्याख्यात्यांस त्या दिवशीं मानधन मिळालें होतें, व तें मिळालें याचा आम्हांस आनंद आहे. त्यामुळें त्यांचें विद्येवरील प्रेम खोटें ठरत नाहीं. मग हाच न्याय खेळाडूस कां नाहीं?

याचें खरें उत्तर कटु आहे, पण तें दिल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. फुटबॉल हा आम्हां पांढरपेशांस कधीं आपला खेळ वाटलाच नाहीं. तो गोंवेकर ख्रिस्ती तरुणांचा, मुसलमान मोहल्ल्यांतील पोरांचा, गिरण्यांच्या चाळींचा व रेल्वेच्या वसाहतींचा. क्रिकेटमधील प्रत्येक धांव आमच्या घरांत तोंडपाठ असते. तीन गोल करून देशास ऑलिंपिकच्या उपांत्य फेरींत नेणाऱ्या डिसोझाचें नांव त्याच घरांत परकें वाटतें. जे आपले वाटत नाहींत त्यांनीं निरपेक्ष असावें, अशी अपेक्षा करणें फार सोपें असतें. रहीम यांच्या जीवनावरील ‘मैदान’ हा चित्रपट २०२४ सालीं पडद्यावर आला, तेव्हां कांहीं दिवस चर्चा झाली. पण चित्रपट उतरतो आणि चर्चाहि उतरते. पाठ्यपुस्तक, मैदान व पेन्शन यांची गोष्ट तशी नसते.

त्या व्याख्यानाहून परततांना आम्हीं पाहिलें, कीं दोन गोदामांच्या मधल्या चिखलांत सात-आठ पोरें एक फाटका चेंडू लाथाडीत होतीं. त्यांपैकीं एकाच्या केसांत सुताची भुकटी अडकलेली होती. तो मागावरूनच आलेला असावा. त्याचा उजवा पाय असा सफाईनें चाले कीं आम्ही छत्री सांवरून पांच मिनिटें उभे राहिलों. इतक्यांत माल भरलेला ट्रक आला, पोरें बाजूस झालीं, आणि ट्रक गेल्यावर पुन्हां खेळ सुरू झाला. त्या पोरास हौस कमी आहे, असें कोणी म्हणूं शकेल काय? हौस त्याच्यापाशीं आहेच. ती आम्हीं द्यावयाची नाहीं. द्यावयाचें आहे तें एक मैदान, ज्यावर उद्यां गोदाम उठणार नाहीं. एक शिक्षक, ज्यास वेतन मिळेल. आणि एक हमी, कीं त्याचा पाय मोडला तर तो एकट्याचाच मोडणार नाहीं. एवढें देण्याची तयारी असेल, तर खुशाल पैशानें खेळ कसा बिघडतो यावर व्याख्यानें द्यावीं. नसेल, तर निदान त्याच्या रिकाम्या खिशाची स्तुति तरी करूं नये. नेव्हिल डिसोझाच्या पिढीनें आपल्या हौसेचें मोल स्वतःच भरलें. तें कर्ज आमच्या नांवावर आहे, आणि तें टाळ्यांनीं फिटत नाहीं.